आईला ‘एवढंसं’ खाऊन बघायचंय

नमस्कार ताई,

येत्या डिसेंबरात आई-बाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं होतायत. भाऊ डब्लिनला असतो, त्याला येता येणार नाही. पण अर्धा खर्च तो उचलणार आहे आणि त्याचं म्हणणं एकच, त्यांना मुंबईतल्या ‘मास्क’ रेस्तराँलाच घेऊन जा, काहीतरी मिशेलिनच्या तोडीचं हवं. चौघं जाऊ, आई, बाबा, मी आणि नवरा. चौघांचे मिळून चाळीस हजारांपर्यंत जायची तयारी आहे. बाबा मूळचे वेंगुर्ल्याचे, बेस्टमधून निवृत्त झाले, मासे म्हणजे जीव की प्राण. मधुमेहाची गोळी चालू आहे आणि गुडघे दुखतात. आईचं माहेर वाईचं. चाळीस वर्षं तिने घरात बांगडे तळले, पण स्वतः कधी तोंडात घातले नाहीत. अंडंही खात नाही. नवरा म्हणतो, एवढ्या पैशात घरी नवा फ्रीज येईल, आणि त्या दोघांना तिथलं काही आवडणारही नाही, त्यापेक्षा चांगल्या ठिकाणी थाळी खाऊ घालू. तारीख यंदा नेमकी गुरुवारी आलीय. मास्क नाही तर मग कुठे? की नादच सोडू? आणि किंमत त्यांना सांगायची का?

ता. क. मागे टीव्हीवर स्वयंपाकाची स्पर्धा बघताना आई म्हणाली होती, “एकदा असं एवढंसं खाऊन बघायला हवं बाई. चवीला काय लागत असेल!”

– एक लेक, डोंबिवली

*

तू ताई म्हटलंस, म्हणून मीही एकेरीवर येते.

पत्रात मास्कचं नाव दोनदा आलंय, फ्रीजचं एकदा, आणि भावाचं म्हणणं सगळ्यांच्या वर. ज्या एका वाक्यावर हे सगळं ठरायला हवं, ते मात्र तू ता. क. मध्ये टाकलंस. आईला बघायचंय. तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलंय. ज्या पिढीच्या बायका हॉटेलात गेल्यावर “तुम्ही काय घेताय तेच मला” म्हणून मोकळ्या होतात, त्यातली एक बाई आपणहून म्हणतेय की चवीला काय लागत असेल. तेव्हा नाद सोडायचा प्रश्नच नाही. नवऱ्याला सांग, फ्रीज दिवाळीच्या सेलमध्ये घेऊ.

हे मी ठामपणे सांगते, कारण याच्या बरोब्बर उलटं आमच्या घरी घडलंय. सासूबाईंच्या पंचाहत्तरीला मी आणि नवऱ्याने त्यांना नि सासऱ्यांना अशाच एका ठिकाणी नेलं. नाव सांगत नाही. दहा पदार्थ. तिसऱ्या की चौथ्या वेळी काळ्या दगडगोट्यांनी भरलेला एक वाडगा आला. त्यातले चार गोटे खायचे आणि बाकीचे खरेखुरे. ताटली ठेवणाऱ्या मुलाने त्यावर दोन मिनिटं इंग्रजीत प्रवचन दिलं, सासूबाईंनी ते कीर्तनाला बसल्यासारखं हात जोडून ऐकलं आणि तो वळल्यावर मला हळूच विचारलं, “यातला खायचा दगड कुठला गं?” त्यांना कांदा-लसूण चालत नाही हे मी बुकिंग करताना सांगितलं होतं, आदल्या दिवशी सांगितलं होतं, दारात शिरताना पुन्हा सांगितलं होतं. तरी आत कुणापर्यंत पोचलंच नव्हतं. मग दर वेळी आम्हाला काहीतरी वेगळं आणि त्यांना बीट. भाजलेलं बीट, किसलेलं बीट, बिटाचा चकतीसारखा काप. आठव्या पदार्थाला सासरे झोपले. रात्री साडेबाराला घरी येऊन सासूबाईंनी कुकर लावला आणि आम्ही चौघांनी मेतकूट-तूप-भात खाल्ला. त्या एवढंच म्हणाल्या, “पोरं बोलायला फार गोड होती हो.”

चूक त्या स्वयंपाकघराची होती, पण त्याआधी आमची होती. सासूबाईंनी असं काही खायची इच्छा कधीच बोलून दाखवली नव्हती. इच्छा आम्हाला होती, पंचाहत्तरी हे निमित्त. तुझ्या भावाचंही थोडं तसंच चाललंय असं मला वाटतं. लांब बसलेल्या मुलाला आपल्या वतीने काहीतरी मोठं घडावंसं वाटतं, आणि ‘मोठं’ मोजायला हाताशी एखादी यादी असली की बरं पडतं. त्यात वाईट काही नाही. पण यादी करणाऱ्यांना तुझ्या बाबांचे गुडघे माहीत नाहीत.

अशा ठिकाणी असतो तो टेस्टिंग मेन्यू, तो म्हणजे काय हे आईला आधी समजावून सांग. तिला ते दोन मिनिटांत कळेल, कारण तिने पंगती पाहिल्यात. पंगतीत आपण तरी कुठे निवड करतो? मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाज्या उजवीकडे, वरणभाताच्या मुदीवर तुपाची धार, मग पुरी, मसालेभात, जिलबी, शेवटी मठ्ठा. यजमानाने ठरवलं, आपण खाल्लं. इथेही तेच, फक्त यजमान म्हणजे शेफ. फ्रेंचांकडे याला देग्युस्तासियाँ म्हणतात, जपान्यांची कैसेकी ही यातली जुनी आणि फार शिस्तीची पद्धत. स्पेनमध्ये एल बुली नावाचं एक रेस्तराँ होतं, 2011 मध्ये ते बंद झालं, तिथे एकेका जेवणात तीस-तीस पदार्थ येत. त्या मानाने आपल्याकडचे सात ते तेरा म्हणजे काहीच नाही. पंगतीहून फरक दोन. पान एकदम समोर येत नाही, एक ताटली उचलल्याशिवाय दुसरी येत नाही. आणि आग्रह नाही. “अजून एक घ्या” म्हणत कुणी येणार नाही, हे बाबांना विशेष सांग.

पोट भरत नाही, हा लोकांचा समज खोटा आहे. एकेका ताटलीत दोन ते चार घास असतात, पण दहा वेळा चार घास, शिवाय मध्ये पाव-लोणी आणि शेवटी दोन-तीन गोडाचे प्रकार, एवढं पोटात गेलं की माणूस जड होतो. खरा त्रास वेळेचा. अडीच ते तीन तास एका खुर्चीत. लांबणारं लग्न आपण सोसतो कारण मधेच उठून कुणाशी तरी गप्पा मारता येतात. इथे उठायची सोय नाही.

आता जागा. तुझ्या भावाच्या ‘मिशेलिन’पासून सुरू करते. मिशेलिन गाइड म्हणजे रेस्तराँना एक ते तीन स्टार देणारी यादी, आणि हे लिहीपर्यंत ती भारतात आलेलीच नाही, त्यामुळे मुंबईत काय, देशात कुठल्याच रेस्तराँला स्टार नाही. जाहिरातीत तो शब्द दिसला तर त्याचा अर्थ बहुधा एवढाच की शेफने परदेशात कधीतरी अशा ठिकाणी काम केलंय. भारतीय जेवणाला तीन स्टार मिळाले ते दुबईत, ट्रेसिंड स्टुडिओला, 2025 मध्ये, शेफ हिमांशू सैनी. भावाला हवंच असेल तर त्याने डब्लिनहून येताना दुबईत उतरावं. आपल्याकडे लोक जी यादी बघतात ती ‘एशियाज फिफ्टी बेस्ट’, म्हणजे आशियातली पन्नास उत्तम रेस्तराँ, आणि 2023 च्या यादीत मास्क सोळाव्या क्रमांकावर होतं, भारतात पहिलं. तेव्हा भाऊ अगदीच हवेत बोलत नाहीये.

मास्क चांगलंच आहे, त्यात वाद नाही. महालक्ष्मीला शक्ती मिलच्या गल्लीत, लक्ष्मी वुलन मिलच्या आवारात, 2016 साली अदिती डुगर यांनी ते शेफ प्रतीक साधू यांच्याबरोबर सुरू केलं. साधू 2022 मध्ये बाहेर पडले, आता स्वयंपाकघर वरुण तोतलानी यांच्याकडे आहे. देशाच्या कानाकोपऱ्यातले जिन्नस आणून त्यातून नवीन काही घडवायचं, ही त्यांची रीत. लडाखातलं आंबट बेरी फळ, काश्मीरच्या गुच्छी अळंब्या, असं. जेवणाऱ्याने प्रत्येक ताटलीची गोष्ट ऐकायची आणि मग चव घ्यायची. तुला आणि नवऱ्याला हे फार आवडेल. तुमच्या लग्नाच्या वाढदिवसाला जा, आणि तेव्हा भावाकडे पैसे मागू नका. पहिल्यांदाच असं जेवणाऱ्या आईसाठी मात्र मला पाय ठेवायला थोडी ओळखीची जमीन हवी आहे, आणि बाबांसाठी नारळ.

म्हणून माझं मत ‘आवर्तना’ या रेस्तराँला. अंधेरीत सहारला, विमानतळाजवळच्या आयटीसी मराठा हॉटेलात. चेन्नईच्या आयटीसी ग्रँड चोलामध्ये 2017 साली हे सुरू झालं, मुंबईत नंतर आलं. पाया सगळा दक्षिणेचा आहे, म्हणजे चिंच, कढीपत्ता, नारळ, मिरी, तांदूळ. मांडणी मात्र अगदी टीव्हीवरल्यासारखी, एवढंसं आणि देखणं. त्यांचं टोमॅटोचं रसम प्रसिद्ध आहे. कॉफी गाळायच्या काचेच्या दांडीवाल्या भांड्यात गरम रसमबरोबर ताजी पानं-मसाले घालतात, दट्ट्या खाली दाबतात, आणि ते नितळ रसम तुझ्यासमोर उभ्या दांडीच्या पेल्यात ओततात. वाफ नाकाशी येते तेव्हा डोळे मिटले तर वाटतं की कुणाच्या तरी घरी टोमॅटोचं सार उकळतंय. आईने आयुष्यभर सार केलंय. ती त्या पेल्याकडे बघेल, वास घेईल आणि तिला कळेल की हे काय आहे नि काय नाही. अनोळखी गोष्टीत एक ओळखीचा धागा सापडला की माणूस पुढचं सगळं धीटपणे खातो. सासूबाईंना त्या रात्री तो धागाच मिळाला नव्हता.

दुसरं कारण साधं आहे. तिथे सात पदार्थांपासून तेरा पदार्थांपर्यंत वेगवेगळ्या लांबीचे मेन्यू असतात, शाकाहारी वेगळे आणि माशांचाही स्वतंत्र. तुम्ही सातचा घ्या, फक्त माशांचा मेन्यू लांबचाच असू शकतो, तेव्हा सातमध्ये बाबांना मासे मिळतील का ते विचार. तेराचा मोह पडेल, भाऊ तर म्हणेलच की घ्यायचं तर पूर्ण घ्या, पण बाबांच्या गुडघ्यांना विचारून ठरव. आई शाकाहारी आणि बाबा माशांवर असे दोन मेन्यू एकाच टेबलावर चालतील का, हे मात्र फोनवर नक्की करून घे. पुष्कळ ठिकाणी टेबलावरच्या सगळ्यांनी सारख्या संख्येचे पदार्थ घ्यावेत असा नियम असतो, म्हणजे ताटल्या एकदम येतात नि एकदम उठतात. तिसरं, मोठ्या हॉटेलात गाडी थेट पोर्चमध्ये जाते, लिफ्ट असते, स्वच्छतागृह जवळ असतं. साठीच्या पुढे याला पदार्थांइतकीच किंमत आहे.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. फोर्टमध्ये किताब महलात ‘एका’ नावाचं रेस्तराँ आहे, शेफ नियती राव यांचं. तिथे टेस्टिंग मेन्यू आहे आणि सुटे पदार्थही मागवता येतात, त्यामुळे एखाद्याला दहा पदार्थ झेपणार नसतील तर तो बेत चांगला. बीकेसीतलं इंडियन ॲक्सेंटही तसंच. मूळ दिल्लीचं, मुंबईत 2023 ला आलं. वांद्र्याला ‘पापाज’ आहे, शेफ हुसेन शहजाद यांचं, अवघ्या बारा खुर्च्या, सगळ्यांनी स्वयंपाकघरासमोरच्या कट्ट्याशी ओळीने बसायचं. तिथली जागा मिळवणं म्हणजे गणपतीत कोकण रेल्वेचं तिकीट. तरुण मंडळींनी जरूर जावं. पण ओळीत बसलं की आई-बाबा एकमेकांकडे बघणार कसे? लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला ती दोघं समोरासमोर हवीत.

(एक गंमत सांगते. आपण वडापाव मिळतो त्यालाही हॉटेल म्हणतो. इथे मात्र हॉटेल आणि रेस्तराँ यातला फरक पैशांत मोजावा लागतो. त्यावर पुढे येतेच.)

गुरुवारचं काय? गुरुवारी जाऊ नका. डिसेंबर म्हणजे बहुधा मार्गशीर्ष, आणि तुझी आई मार्गशीर्षातले गुरुवार करत असेल तर तिचा दिवसभर उपास असणार, संध्याकाळी घट, कहाणी, आरती, पुरणाचा नाहीतर खिरीचा नैवेद्य. ते सोडून ती रसम प्यायला येणार नाही, आणि आलीच तर तिचं सगळं लक्ष घरच्या समईकडे. शिवाय काही घरांत अख्खा मार्गशीर्ष मासे बंद असतात. बाबांना आधी विचार, नाहीतर तू माशांचा मेन्यू ठरवशील आणि ते म्हणतील, “अगो, महिनो चालू आसा.” तारखेच्या पुढचा शनिवार किंवा रविवार धर. दुपारी मिळत असेल तर दुपारीच. रात्री आठला बसलात तर उठेपर्यंत अकरा वाजतील, मग सहारहून डोंबिवली. नेसलेल्या पैठणीने रात्री घाटकोपरला लोकल पकडायला लावू नकोस. जातायेता गाडी सांग, तो खर्च बजेटमध्ये आत्ताच धर.

आता फोन. हा या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि लोक तो दोन ओळींच्या मेसेजवर उरकतात. ‘1 व्हेज’ असं लिहून मोकळं होऊ नकोस. अशा स्वयंपाकघरात जे ताटात येतं त्याचा पाया आदल्या दिवशी किंवा सकाळी रचलेला असतो. अर्क काढलेले असतात, सॉस आटवून ठेवलेले असतात, मुरवण घातलेलं असतं. तुम्ही टेबलावर बसल्यावर “आमच्या आईला अंडं चालत नाही” म्हणालात तर ज्यात अंडं आहे ते काढता येत नाही, फक्त तो पदार्थच रद्द होतो आणि बीट येतं. म्हणून बुकिंग करतानाच सांग, आठवडाभर आधी पुन्हा फोन कर, आणि बोलणाऱ्याचं नाव लिहून ठेव. शक्य झालं तर ई-मेलही टाक, म्हणजे लिखित राहील.

आणि तपशिलात विचार. परदेशी धाटणीच्या शाकाहारात अंडं सर्रास धरलेलं असतं, विशेषतः गोडात, मेयोनेझमध्ये, ताज्या पास्त्यात. जेली किंवा मूस घट्ट करायला जिलेटिन वापरतात, ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून होतं. चायना ग्रास वापरता का, असं विचार. पार्मेझान चीज पारंपरिक पद्धतीने वासराच्या जठरातल्या विरजणाने लावतात. जपानी धर्तीच्या सुपाच्या पाण्यात, दाशीत, बहुधा सुक्या माशाचे काप उकळलेले असतात. सॉसमध्ये नि केकमध्ये वाइन, रम पडते. दक्षिणी जेवणात यातलं बरंच कमी असेल, पण विचारायला काही लागत नाही. आईला यातलं काय चालतं हेही तिलाच विचार, तू ठरवू नकोस. माझ्या ओळखीतल्या एक आजी अंड्याचं नाव काढलं तरी तोंड फिरवतात आणि रमचा केक मात्र मिटक्या मारत खातात.

बाबांच्या गोळीबद्दल त्यांच्या डॉक्टरांना एक प्रश्न विचारून ठेव. गोळी कुठली आहे त्यावर हे अवलंबून आहे. काही गोळ्या जेवणाच्या लगेच आधी घ्यायच्या असतात, ग्लिमेपिराइड त्यातली एक, आणि ती घेऊन जेवण लांबलं तर साखर खाली येऊ शकते. टेस्टिंग मेन्यूत बसल्यावर पहिल्या अर्ध्या तासात कदाचित चार घासच पोटात जातात. गोळी कधी घ्यायची हे डॉक्टर सांगतील, आणि रेस्तराँला तू सांग की आमच्या एका माणसासाठी पाव किंवा तत्सम काही सुरुवातीलाच आणा. शेवटी गोडाचे दोन-तीन प्रकार येतील, ते चमचाभरच असतात, पण आधी सांगितलंस तर एखादं बदलूनही देतील. गुडघ्यांसाठी पाठ असलेली खुर्ची, मऊ सोफा नको (त्यातून उठणं अवघड), आणि टेबल स्वच्छतागृहापासून फार लांब नको. आणि आईसाठी शाल. तिथला एसी गोठवतो.

पैसे. मेन्यूच्या दरावर जाऊ नकोस, शेवटच्या आकड्यावर जा. समज, माणशी 6,000 चा मेन्यू आहे. हा आकडा मी हिशोबापुरता घेतलाय, दर बदलत राहतात, तू फोनवर विचार. चौघांचे झाले 24,000. त्यावर दहा टक्के सेवा शुल्क लावलं तर 26,400. हे रेस्तराँ सुटं असेल तर जीएसटी पाच टक्के, म्हणजे एकूण 27,720. पण ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला 7,500 च्या वर जातं, तिथल्या रेस्तराँला अठरा टक्के. तेच जेवण 31,152 चं होतं. बघ, हॉटेल आणि रेस्तराँ यातला फरक हा असा जवळजवळ साडेतीन हजारांचा. आवर्तना मोठ्या हॉटेलात आहे, तेव्हा अठराच धर. तरी तुझ्या चाळीस हजारांत बसतं आणि गाडीचेही सुटतात.

सेवा शुल्क द्यायलाच हवं असं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 ला सांगितलं की बिलात ते आपोआप लावता येणार नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ते उचलून धरलं. वाढणाऱ्यांनी मनापासून केलं असेल तर मी स्वतः देते. पण ते आपल्या मर्जीने देण्यात आणि बिलात छापून आल्याने देण्यात फरक आहे. हा वाद आई-बाबांसमोर मात्र नको. घालायचाच असेल तर आधी फोनवर.

खरा खड्डा पेयांत असतो. प्रत्येक पदार्थाबरोबर वाइन असा जोड-मेन्यू घेतलात तर बिल जवळजवळ दुप्पट होऊ शकतं. तुम्ही चौघं पीत नसाल तर बिनदारूच्या पेयांचाही जोड-मेन्यू बऱ्याच ठिकाणी असतो, पण तोही फुकट नसतो. आणि बसल्या बसल्या वाढणारा मुलगा अदबीने विचारतो, “स्टिल ऑर स्पार्कलिंग?” म्हणजे बाटलीतलं साधं पाणी की बुडबुड्यांचं. तेव्हा साधं गाळलेलं पाणी आहे का, असं बिनधास्त विचार. लाजू नकोस. बुकिंगच्या वेळी आगाऊ रक्कम घेतात का, रद्द केलं तर किती तासांपर्यंत परत मिळते, हेही लिहून घे. या वयात ऐनवेळी ताप-सर्दी होतेच.

किंमत सांगायची का? आपणहून सांगू नकोस, विचारलं तर खोटंही बोलू नकोस. बेस्टमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला फसवता येत नाही, सुट्ट्या पैशांचा हिशोब त्यांच्या बोटांत असतो. पण आकडा कधी सांगायचा हे तुझ्या हातात आहे. रेस्तराँला आधीच सांग की बिल टेबलावर आणू नका, पैसे मी आगाऊ भरते किंवा उठून काउंटरवर देईन. पाहुण्यांना दर नसलेला मेन्यू द्या. बाबांनी वाटेत विचारलंच तर सांग, “दादाने आणि मी मिळून दिलेत, घरी गेल्यावर सांगते.” घरी गेल्यावर खरं सांग. ते कपाळाला हात लावतील, दोन दिवस बोलतील आणि तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या बाकावर तोच आकडा दोन हजारांनी वाढवून सांगतील.

नवऱ्याला एक काम दे. ताटली आल्यावर वाढणारा मुलगा जे सांगेल ते त्याने मराठीत थोडक्यात आईला सांगायचं, ‘खोबरं, कैरी, वर कुरकुरीत तांदूळ’ एवढंच. फ्रीजचं डोक्यातून जाईल आणि दगडगोट्यांचा प्रसंग टळेल. खरं तर बुकिंग करतानाच विचार की मराठी किंवा हिंदीत सांगणारं कुणी टेबलाला देता येईल का. मुंबईतल्या रेस्तराँत असं कुणीतरी असतंच, आपणच विचारत नाही.

आणि भाऊ? त्याला जेवणाच्या मधे व्हिडिओ कॉल करू देऊ नकोस. पाचवी ताटली थंड होईल आणि बाबा फोन कानाला लावून अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं बोलतील. त्याला सांग, पत्र लिही. हाताने, मराठीत, एका पानाचं, फोटो काढून पाठव. तू ते छापून घे आणि शेवटच्या गोडाबरोबर ताटलीशेजारी ठेवायला त्या मुलांना आधीच देऊन ठेव. अशी कामं ती मुलं हौसेने करतात. लग्नाचा जुना कृष्णधवल फोटो असेल तर त्याची छोटी प्रत पत्राला जोड. मेन्यू कार्डावर आई-बाबांची नावं छापून देता का, तेही विचार. ते कार्ड आई देवघराच्या खणात ठेवेल.

आदल्या रात्रीच दही विरजायला ठेव. बाबांना घरी गेल्यावर दहीभात लागेल, आणि तो मिळणार आहे हे माहीत असलं की ते तिथे निवांत बसतील. आईचं मात्र मला काही सांगता येत नाही, तिला कदाचित काहीच लागणार नाही. तिला कुठली ताटली सगळ्यात आवडली ते मला नक्की कळव. आणि तीच ताटली परत मागितली तर बहुतेक ठिकाणी देत नाहीत, हे तिला घरूनच सांगून ने.